शहरांतील उद्याने : उद्दिष्टे आणि प्रगतीचे मोजमाप

राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीमुळे १ जून १९९३ पासून नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा प्राप्त झाला. या दुरुस्तीने समाविष्ट केलेल्या बाराव्या अनुसूचीत एकूण १८ विषय असून त्यांपैकी बारावा विषय उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा आहे. पाणीपुरवठा, रस्ते, अग्निशमन या सेवांच्या यादीतच बागेलाही स्थान मिळाले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. बाग ही शहराची शोभा असेल. परंतु त्याआधी ती एक नागरी सेवा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येपैकी ३१.१६ टक्के, म्हणजे सुमारे ३७.७ कोटी लोक शहरांत राहत होते. ज्यांच्या घराला अंगण नाही, गच्ची नाही आणि सुटीत बाहेरगावी जाण्याची ऐपतही नाही, अशा कुटुंबांना मोकळा श्वास घेण्यासाठी सार्वजनिक उद्यानाखेरीज दुसरी जागा नसते. म्हणूनच महापालिकेच्या उद्यान विभागाने आपली उद्दिष्टे कितपत गाठली, हा प्रश्न सामाजिक न्यायाशीही निगडित आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा उद्यानांची संख्या, त्यांचे क्षेत्रफळ, लावलेली झाडे आणि झालेला खर्च या आकड्यांत दिले जाते. हे आकडे आवश्यक आहेत. मात्र ते पुरेसे आहेत काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टांची चौकट

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१४ मध्ये प्रसृत केलेल्या नागरी व प्रादेशिक विकास आराखड्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचे प्रमाण सुचविले आहे. या जागांची उतरंडही तेथे दिली आहे. पाच हजार लोकसंख्येच्या वसाहतीसाठी अर्धा हेक्टर, एक लाख लोकसंख्येसाठी पाच हेक्टर आणि पाच लाखांसाठी २५ हेक्टर, अशी ही रचना आहे. घराजवळ लहान बाग आणि काही अंतरावर मोठे उद्यान असावे, हे तिचे सूत्र होय.

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकरावे उद्दिष्ट शहरांविषयी आहे. त्यातील ११.७ हे लक्ष्य २०३० पर्यंत सर्वांना, विशेषतः स्त्रिया, मुले, ज्येष्ठ नागरिक व दिव्यांग व्यक्तींना, सुरक्षित आणि सहज पोहोचता येईल अशा हरित व सार्वजनिक जागा उपलब्ध करून देण्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ मध्ये याला अंतराचे परिमाण दिले. घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटे चालण्याच्या अंतरावर, किमान अर्धा ते एक हेक्टर हरित जागा असावी, अशी तिची शिफारस आहे.

देशात २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या अमृत अभियानात ५०० शहरांचा समावेश करण्यात आला आणि उद्याने व हरित जागा हा त्याचा एक घटक ठरविण्यात आला. राज्यांच्या मंजूर कृती आराखड्यांची एकूण रक्कम ७७,६४० कोटी रुपये होती. तीपैकी सुमारे १,७६८ कोटी रुपये, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के, या घटकाच्या वाट्याला आले. पाणी व मलनिस्सारण यांना अग्रक्रम मिळणे स्वाभाविकच होते. तथापि एवढ्या अल्प तरतुदीतून देशभरात दोन हजारांहून अधिक उद्यान-प्रकल्प पूर्ण झाले, हेही नमूद केले पाहिजे.

सरासरीची मर्यादा

दरडोई क्षेत्रफळ ही एक सरासरी आहे आणि प्रत्येक सरासरीत विषमता दडू शकते. समजा, एका शहरात प्रत्येकी एक लाख लोकवस्तीचे दोन प्रभाग आहेत. पहिल्यात १९० हेक्टर उद्याने असून दुसऱ्यात केवळ १० हेक्टर आहेत. शहराची सरासरी दरडोई १० चौरस मीटर येते आणि राष्ट्रीय प्रमाणाची किमान पातळी कागदोपत्री गाठली जाते. प्रत्यक्षात पहिल्या प्रभागातील नागरिकाच्या वाट्याला १९ चौरस मीटर, तर दुसऱ्यातील नागरिकाच्या वाट्याला अवघा एक चौरस मीटर येतो. एखादे मोठे वन किंवा ऐतिहासिक उद्यान शहराची सरासरी उंचावते. परंतु दूरच्या वस्तीतील मुलाला खेळायला जागा त्यामुळे मिळत नाही. म्हणूनच क्षेत्रफळाच्या जोडीला अंतराचे मोजमाप हवे.

आराखड्यातील जागा आणि प्रत्यक्षातील बाग

दुसरा प्रश्न जमिनीचा. विकास आराखड्यात हिरव्या रंगाने दाखविलेला प्रत्येक तुकडा हा बाग नसतो. अनेकदा ते केवळ आरक्षण असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक सूचना देऊ शकतो. त्यानंतर विहित मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडकून पडू नये, हा या तरतुदीचा न्याय्य हेतू आहे. मात्र महापालिकेकडे मोबदल्यासाठी निधी नसेल, तर शहराची भावी बाग कायमची हातातून जाते. हा पेच सोडविण्यासाठी मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्काची पद्धत आणण्यात आली. जमिनीच्या मोबदल्यात रोख रकमेऐवजी अन्यत्र बांधकामाचा हक्क देणे, असे तिचे स्वरूप आहे.

अस्तित्वात आलेल्या आरक्षणालाही संरक्षण लागते. बंगळुरूच्या राजमहल विलास विस्तार भागात उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवाशांनी त्यास आव्हान दिले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात हे वाटप अवैध ठरविले. रुग्णालय उपयुक्त असले, तरी त्यासाठी उद्यानाची जागा वळविता येणार नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. अशा जागेच्या रक्षणासाठी न्यायालयात दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकारही मान्य झाला. नागरी नियोजनाच्या अभ्यासकांनी हा निर्णय अवश्य ध्यानात ठेवावा.

देखभालीचे अर्थशास्त्र

पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार शुद्ध सार्वजनिक वस्तूची दोन लक्षणे आहेत. एकाच्या उपभोगामुळे दुसऱ्याचा उपभोग कमी होत नाही आणि कोणालाही त्यापासून वगळता येत नाही. उद्यान पहिल्या लक्षणाच्या जवळ जाते. परंतु कुंपण घालून तिकीट लावले की वगळणे शक्य होते. जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ मध्ये अशा मधल्या गटाचे विवेचन ‘क्लब वस्तू’ या संकल्पनेद्वारे केले. उद्यानांविषयीचे बहुतेक वाद या दोन संकल्पनांमधील सीमारेषेवरच उभे असतात.

अहमदाबादचा कांकरिया तलाव हे याचे ठळक उदाहरण होय. पंधराव्या शतकातील या तलावाचा परिसर नव्याने विकसित करून डिसेंबर २००८ मध्ये तो खुला करण्यात आला आणि प्रवेशासाठी शुल्क आकारण्यास प्रारंभ झाला. पहाटे फिरायला येणाऱ्यांना त्यातून सूट देण्यात आली. शुल्कामुळे देखभालीला नियमित उत्पन्न मिळते व गर्दीवर नियंत्रण राहते, हा या धोरणाचा लाभ. उलटपक्षी, पाच जणांच्या कष्टकरी कुटुंबाला अल्प शुल्कही पाच वेळा भरावे लागते. मोठ्या, विशेष आकर्षणांच्या ठिकाणी शुल्क समर्थनीय ठरू शकते. वसाहतीतील बागेला तोच न्याय लावता येणार नाही.

देखभालीचा मूळ प्रश्न लेखाशीर्षातच आहे. नवीन बाग हा भांडवली खर्च असून त्यासाठी केंद्र व राज्य शासनाचे अनुदान मिळू शकते. माळी, पाणी, दिवे, प्रसाधनगृह व सुरक्षारक्षक यांवरील खर्च मात्र महसुली असून तो दरवर्षी महापालिकेलाच करावा लागतो. परिणामी नव्या बागेचे उद्घाटन होते आणि जुन्या बागेतील झोका तुटलेलाच राहतो. यावर उपाय म्हणून दिल्लीत रहिवासी कल्याण संघांना उद्यानांच्या देखभालीसाठी दिल्ली उद्यान व बाग संस्थेमार्फत साहाय्य देण्याची योजना राबविण्यात आली. अशा योजना सुसंघटित वसाहतींत यशस्वी होतात. जेथे संघच नाही, अशा वस्त्यांसाठी महापालिकेने थेट जबाबदारी घेणे अपरिहार्य ठरते.

अनेक यंत्रणा, विभागलेले उत्तरदायित्व

दिल्लीच्या आर्थिक पाहणीत तेथील उद्याने व बागांची संख्या १८ हजारांहून अधिक आणि क्षेत्र सुमारे आठ हजार हेक्टर नमूद आहे. ती महापालिका, दिल्ली विकास प्राधिकरण, नवी दिल्ली नगरपरिषद, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग अशा अनेक यंत्रणांत विभागलेली आहेत. बंगळुरूतील लालबाग व कब्बन पार्क राज्य शासनाच्या उद्यानविद्या खात्याकडे असून वसाहतींतील बागा महापालिकेच्या अखत्यारीत येतात. कोलकात्याचे विस्तीर्ण मैदान तर लष्कराच्या ताब्यात आहे. अशा स्थितीत एकट्या उद्यान विभागाचा अहवाल पाहून शहराचे चित्र पूर्ण होत नाही. प्रत्येक यंत्रणा आपल्या बागांचा हिशेब ठेवते. बागेविना राहिलेल्या वस्तीचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही.

वेळ : दुर्लक्षित परिमाण

जागा आहे, बाग आहे, देखभालही आहे. तरीही फाटकाला कुलूप असेल, तर सेवा मिळत नाही. बंगळुरूमध्ये तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिकेची उद्याने सकाळी दहा वाजल्यापासून दुपारी दीडपर्यंत बंद ठेवली जात असत. २०२४ मध्ये ती पहाटे पाच ते रात्री दहा, म्हणजे सलग १७ तास खुली ठेवण्याचा निर्णय घेण्यात आला. एक गुंठाही नवीन जमीन न घेता शहराच्या उद्यान-सेवेत भर घालणारा हा निर्णय होता.

याचे महत्त्व कोणासाठी होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. सकाळी फिरणाऱ्या नोकरदाराला जुन्या वेळापत्रकाची अडचण नव्हती. दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळी असणारी घरकामगार स्त्री, रिक्षाचालक, घरपोच वस्तू पोहोचविणारा तरुण आणि पहाऱ्याची रात्रपाळी संपवून आलेला कामगार यांना विसाव्याची वेळ भर दुपारीच मिळते. उन्हाळ्यात तर सावली हीच आरोग्यसेवा ठरते. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांविरुद्ध कृती आराखडा तयार केला, तेव्हापासून उन्हापासून बचाव हा नगर प्रशासनाच्या कर्तव्याचा भाग मानला जाऊ लागला आहे. झाडाखालची बाकडी त्यासाठीचे सर्वांत स्वस्त साधन आहे. मात्र त्या वेळी फाटक उघडे हवे. वाढीव वेळेसाठी सुरक्षारक्षकांची जादा पाळी, पुरेसा प्रकाश व स्वच्छतेचे फेरनियोजन करावे लागते, हे खरे आहे. हा खर्च नवीन बागेसाठी जमीन घेण्याच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे.

बंगळुरूच्या प्रशासनाची रचनाही पुढे बदलली. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिकांची व्यवस्था अस्तित्वात आली. रचना बदलली तरी घेतलेला निर्णय टिकून राहतो काय, हे पाहण्यासाठीही नियमित मोजमापाची गरज आहे.

मोजमाप कसे असावे?

केंद्र शासनाने २००५ मध्ये फलनिष्पत्ती अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. किती खर्च झाला व किती काम झाले यापुढे जाऊन लोकांच्या जीवनात कोणता बदल घडला, हे विचारणे हा तिचा गाभा आहे. उद्यान विभागालाही हीच कसोटी लावता येईल. त्यासाठी पुढील पाच निर्देशक उपयुक्त ठरतील.

१. पाच मिनिटे चालण्याच्या अंतरावर उद्यान असलेल्या लोकसंख्येचे प्रभागनिहाय प्रमाण.

२. आराखड्यातील आरक्षणांपैकी ताब्यात आलेल्या व प्रत्यक्ष विकसित झालेल्या जागांचे प्रमाण.

३. प्रत्येक उद्यान दिवसातून व आठवड्यातून किती तास खुले असते, याची नोंद.

४. प्रति हेक्टर वार्षिक देखभाल खर्च, तसेच चालू स्थितीतील दिवे, पाणी व प्रसाधनगृहे.

५. वापरणाऱ्यांत स्त्रिया, मुले, ज्येष्ठ व दिव्यांग व्यक्तींचा वाटा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर सुगम्यता हा कायदेशीर हक्क झाला आहे.

या निर्देशकांपैकी एकासाठीही महागड्या यंत्रणेची आवश्यकता नाही. प्रभागाचा नकाशा, नोंदवही आणि वर्षातून काही दिवस केलेली शिरगणती एवढ्यावर त्याचा प्रारंभ होऊ शकतो. ही माहिती प्रभाग समितीपुढे ठेवल्यास नगरसेवक व नागरिक यांना पुढील वर्षाचा अग्रक्रम ठरविता येईल.

समारोप

उद्यान विभागाचे यश लाल फितीमागील फाटकांच्या संख्येवरून ठरवणे सोपे आहे. घटनेने सोपविलेली जबाबदारी मात्र सेवेची आहे आणि सेवा तिच्या लाभार्थ्यापासून मोजावी लागते. सर्वांत दाट वस्तीतील मूल चालत बागेत पोहोचते काय आणि भर दुपारी थकलेल्या श्रमिकाला तेथे सावलीत बसता येते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील, तेव्हाच शहराच्या हरित उद्दिष्टांकडे खरी वाटचाल झाली, असे म्हणता येईल.