पाठाच्या माथ्यावरील चौकोन

बालभारतीच्या पुस्तकात पाठाच्या माथ्यावर छापलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, ज्यास आपण क्यूआर कोड म्हणतो, तो मुळात शाळेसाठी जन्मला नव्हता. १९९४ साली जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद झटपट व्हावी म्हणून तो निर्माण केला. आपल्याकडे त्याची शैक्षणिक उपयुक्तता ओळखली ती माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी. २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर त्या पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे औदार्यही मला त्यांच्या क्यूआर कोडच्या प्रयोगाइतकेच मोलाचे वाटते.

चौकोनात पाठ नसतो, पाठाचा पत्ता असतो. फोन तो वाचून दीक्षासारख्या शैक्षणिक संकेतस्थळावरील चित्रफीत समोर आणतो. शाईचा छोटा डाग पडो की ओरखडा उठो, अंशतः बिघडलेला कोडही वाचता यावा अशी तजवीज त्याच्या रचनेतच असल्याने दप्तरातले हाल तो सोसतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे ज्याची शाळा बुडते, त्या मुलाला हुकलेली कविता चालीसकट पुन्हा ऐकता येणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु फोन कोणाचा? घरात एकच असतो, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि दिवेलागणीस परततो तेव्हा बॅटरी संपत आलेली असते, दिवसाचा डेटाही खर्ची पडलेला असतो, आणि तडा गेलेल्या काचेवर दोन भावंडांची डोकी एकमेकांस भिडतात. २०२० च्या टाळेबंदीत हे दैन्य उघडे पडले. म्हणूनच त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, तेव्हा अनेक घरांत आधीच असलेल्या दूरचित्रवाणीचा आधार घेणारी ती योजना मला अधिक समंजस वाटली.

शाळेतली अडचण निराळी. प्रोजेक्टरच्या खरेदीस मंजुरी मिळते, लोकवर्गणीही जमते. पण दरमहाच्या वीजबिलाची आणि दुरुस्तीची तरतूद नसेल, तर ते यंत्र कपाटात कुलूपबंद होते. आणि ते चालू असले, तरी हृदयाच्या झडपा उघडमिट करताना दाखवणारी चित्रफीत, जे खडूला कधीच साधले नसते, सलग चालू ठेवणे म्हणजे शिकवणे नव्हे, जाणते गुरुजी झडप मिटताच चित्रफीत थांबवतात, “आता रक्त कोणीकडे जाईल?” म्हणून विचारतात, आणि मागच्या बाकावरची मुलगी पडद्याकडे बघत बोटाने हवेत वाट काढीपर्यंत धीर धरतात.