खेळ, कीर्ति आणि दूरचित्रवाणी

सन २०१४ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील बास्केटबॉल संघांनीं नव्या खेळाडूंची निवड केली. एकेचाळिसावें नांव सर्बियाच्या निकोला योकिच याचें निघालें. परंतु तें उच्चारलें गेलें त्या क्षणीं दूरचित्रवाणीवर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती. पुढें याच खेळाडूस २०२१, २०२२ व २०२४ असा तीन वेळां सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि २०२३ सालीं त्यानें डेन्व्हरच्या संघास पहिलें अजिंक्यपद मिळवून दिलें.

अशी उपेक्षा कां व्हावी? प्रक्षेपणाचा हक्क घेण्यासाठीं कंपनीस प्रचंड रक्कम मोजावी लागते व तिचा मोठा भाग जाहिरातदारांकडून वसूल करावा लागतो. जाहिरातदार खेळाचे गुण पाहत बसत नाहीं. तो प्रेक्षकांचीं डोकीं मोजतो. न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथें घरेंच अधिक, म्हणून तेथील संघ वारंवार दाखविले जातात. शिवाय ज्यास खेळाची विशेष गोडी नाहीं, तोही प्रसिद्ध चेहरा पाहून थबकतो. १९९८ सालीं मायकेल जॉर्डनच्या शिकागो संघाची अंतिम मालिका सरासरी सुमारें २ कोटि ९० लक्ष अमेरिकन प्रेक्षकांनीं पाहिली. २००७ सालीं सॅन अँटोनियो व क्लीव्हलंड या लहान बाजारपेठांच्या संघांची गांठ पडली, तेव्हां हा आंकडा एक कोटीलाही पोंचला नाहीं. व्यापाऱ्यानें यावरून कोणता बोध घेतला असेल, हें सांगावयास नको. जो दिसतो तो प्रसिद्ध होतो, आणि प्रसिद्ध म्हणून पुन्हां तोच दाखविला जातो, असें हें रहाटगाडगें आहे.

तथापि यावर अमेरिकन फुटबॉलच्या संघांनीं एक उपाय योजिला. १९६१ च्या कायद्यानें त्यांस प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकण्याची मुभा मिळाली, व राष्ट्रीय प्रक्षेपणाचें उत्पन्न ते सारखें वांटून घेऊं लागले. म्हणूनच लाखाच्या आसपास वस्तीचें ग्रीन बे हें शहर आपला संघ न्यूयॉर्कच्या बरोबरीनें पोसूं शकतें. बेसबॉलमध्यें मात्र स्थानिक प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा पुष्कळसा भाग ज्याच्या त्याच्याकडेच राहतो. त्यामुळें तेथें मोठ्या शहरांचें पारडें जड.

पैशाची वांटणी अशी कायद्यानें साधते. लोकांचें लक्ष मात्र वांटून देतां येत नाहीं. तें प्रेक्षकांच्याच हातीं असतें. सुशिक्षित कुटुंबानें अधूनमधून एखाद्या अपरिचित संघाचा सामना आवर्जून पाहिला, तर निदान त्या घरापुरती तरी खेळाची पारख कीर्तीवरून न होतां गुणांवरून होईल.