ज्यांना स्वतःलाच ठाऊक नाही, त्यांची मोजणी

एखाद्या देशात एचआयव्हीची लागण झालेली माणसे किती, हे रुग्णालयांच्या नोंदवह्यांवरून कळेल का? कळणार नाही. त्या वह्यांत फक्त तपासणीला आलेल्यांच्या नोंदी असतात. लागण होऊनही ज्यांना तिचा पत्ता नाही, ते तेथे येतच नाहीत. मग त्यांची मोजणी करायची कशी?

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात 2007 साली यासाठी घरोघर पाहणी झाली. देशभरातून नमुन्यादाखल निवडलेल्या घरांतील 15 ते 64 वर्षे वयाच्या व्यक्तींना विचारण्यात आले: पूर्वी एचआयव्हीची चाचणी केली होती का? काय निघाले? शिवाय त्यांच्या संमतीने रक्ताचे नमुने घेतले गेले. मग माणसाचे उत्तर आणि रक्ताचे उत्तर शेजारी शेजारी मांडून पाहिले. सुमारे 7 टक्के प्रौढ बाधित होते. त्यांच्यापैकी सुमारे 84 टक्के लोकांना, म्हणजे सहांतील पाच जणांना, आपल्याला लागण झाल्याचे ठाऊकच नव्हते!

त्यांतील बहुतेकांनी कधीच चाचणी केली नव्हती. पण काहींनी ती केली होती, 'लागण नाही' असे उत्तर मिळाले होते आणि ते निर्धास्त होते. लागण त्या चाचणीनंतर झालेली असू शकते. शिवाय नेहमीची चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून चाचणीचा निकाल हा कायमचा दाखला नव्हे.

ही लागण लपून राहते ती विषाणूच्या स्वभावामुळे. सुरुवातीला काहींना थोडा ताप येतो, तोही साध्या तापासारखा. पुढे कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसतो, काम करतो, संसार करतो. आत मात्र रोगप्रतिकारक पेशी हळूहळू घटत असतात. पहिल्या काही आठवड्यांत तर रक्तातील विषाणूंची संख्या फार मोठी असते. म्हणजे संसर्ग पोचवण्याची शक्यता जेव्हा सर्वाधिक, नेमके तेव्हाच लागण ओळखणे सर्वांत अवघड!

लैंगिक धोका म्हटला की अनेक जोडीदार असलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. परंतु पती-पत्नींपैकी एक बाधित आणि दुसरा निरोगी, अशी असंख्य जोडपी आफ्रिकेत आहेत. दोघांनाही कल्पना नसेल, तर निरोध वापरण्याचे कारण त्यांना दिसत नाही. येथे धोका विश्वासघातातून येत नाही, अज्ञानातून येतो.

हे अज्ञान दूर झाल्याने काय साधते? युगांडातील राकाई जिल्ह्यातील अशा 415 जोडप्यांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. बाधित जोडीदाराच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूंची संख्या 1500 पेक्षा कमी होती, तेथे दुसऱ्याला लागण झालेली आढळली नाही. औषधांनी ही संख्या कमी करता येते. त्याची परीक्षा नऊ देशांतील 1763 जोडप्यांमध्ये झाली. त्यांत केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका यांच्याबरोबर भारतही होता आणि पुण्याचे एक केंद्रही होते. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, असे 2011 साली दिसून आले. पण उपचार मिळणार कोणाला? ज्याला लागण ठाऊक आहे त्यालाच.

केनियात लागण ठाऊक असलेल्या बाधितांचे प्रमाण 2012 साली सुमारे 47 टक्के आणि 2018 साली सुमारे 80 टक्के झाले. लागण ठाऊक नसण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक होते. गर्भारपणात स्त्रियांची तपासणी होते, पुरुषांना तसे निमित्त मिळत नाही.

वरच्या वर्गांत शिक्षकांनी फळ्यावर चार चौकटी आखाव्यात. आडव्या ओळींत माणसाचे उत्तर, उभ्या रकान्यांत रक्ताचे. 'मला लागण नाही' आणि 'रक्तात आहे' जेथे भेटतात, त्या चौकटीतील माणूस दोषी आहे का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. चाचणीला आपण चारित्र्याची परीक्षा मानली, तर माणसे तिच्यापासून दूर पळतील आणि ती चौकट भरलेलीच राहील.