ढाक्यात सरकार कोसळले की लासलगावच्या कांद्याला झळ का बसते? समजून घ्या

पुणे : शेख हसीना यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानपद सोडून बांगलादेशातून भारत गाठला आणि सीमेवरची मालवाहतूक ठप्प झाली. त्यात नाशिकच्या कांद्याचे ट्रकही अडकले. काही दिवसांत वाहतूक सुरू झाली. परिणाम मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत.

अस्थिरतेचे कारण काय?
१९७१च्या मुक्तिसंग्रामातील सैनिकांच्या वारसांसाठी सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के आरक्षण होते. २०१८मध्ये ते रद्द झाले. जून २०२४मध्ये उच्च न्यायालयाने ते पुन्हा लागू केल्यावर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ते ५ टक्क्यांवर आणले. पण तोवर अनेकांचे बळी गेले होते. महागाई, सुशिक्षितांची बेकारी आणि प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकलेली जानेवारी २०२४ची निवडणूक, हा राग आधीपासून साचलेला होता. ८ ऑगस्टला मुहम्मद युनूस यांचे हंगामी सरकार आले.

महाराष्ट्राचा संबंध कुठे?
बांगलादेश हा भारतीय कांद्याच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. तिथे डॉलरची टंचाई २०२२पासूनच होती. त्यात बँका, सीमा बंद पडल्या तर निर्यातदाराचे पैसे आणि माल दोन्ही अडकतात. हा धोका धरूनच व्यापारी बाजार समितीत बोली लावतो. म्हणजे शेवटी भार शेतकऱ्यावरच येतो.

फक्त कांदाच?
नाही. एप्रिल २०२५मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदर-विमानतळांमार्गे तिसऱ्या देशांत जाण्याची सवलत बंद केली. त्याच महिन्यात बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने येणारे भारतीय सूत थांबवले. १७ मे रोजी भारताने तिथल्या तयार कपड्यांना फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली.

सगळा दोष ढाक्याचा?
तसेही नाही. डिसेंबर २०२३मध्ये भारतानेच कांदा निर्यातबंदी केली. मे २०२४मध्ये ती उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्याच्या अटीसह. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ला तेही हटले. आपला माल थांबला की बांगलादेशी आयातदार पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळतात. गेलेले गिऱ्हाईक परत आणणे सोपे नसते.

शेतकऱ्याने काय पाहावे?
हंगाम. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, म्हणून ऑगस्टमधला अडथळा सोसता आला. खरिपाचा लाल कांदा तेवढा थांबत नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारीत सीमा बंद झाली, तर मिळेल त्या भावात विकण्याशिवाय पर्याय उरत नाही. लाल कांदा काढणीला येण्याआधी बांगलादेशाचे आयात परवाने सुरू आहेत का आणि आपले निर्यात शुल्क किती, या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.