इंग्रजी वाक्याचा प्रकार: चिन्ह नको, क्रियापद पाहा

इंग्रजीच्या पेपरात वाक्याचा प्रकार ओळखायला सांगणारा प्रश्न म्हणजे हातचे गुण. तरी अनेक मुले ते घालवतात, कारण त्यांची नजर पहिल्या शब्दावर किंवा शेवटच्या चिन्हावर खिळते. कर्ता आणि क्रियापद पाहायचे राहूनच जाते.

गैरसमज : एका वाक्याचा एकच प्रकार असतो.
वस्तुस्थिती : वर्गीकरण दोन अंगांनी होते. अर्थावरून विधानार्थी, प्रश्नार्थक, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी; रचनेवरून केवल, संयुक्त आणि मिश्र. 'शी स्माइल्ड' हे वाक्य विधानार्थीही आहे आणि केवलही. म्हणून नेमके काय विचारले आहे, ते आधी वाचा.

गैरसमज : 'व्हॉट', 'हाऊ', 'व्हेअर' दिसले की वाक्य प्रश्नार्थक.
वस्तुस्थिती : 'व्हॉट अ बिग हाउस इट इज!' हे उद्गारार्थी आहे आणि 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज' हे विधानार्थी. इंग्रजी प्रश्नात बहुधा सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : 'व्हेअर डझ ही लिव्ह?' मराठीत तसे होत नाही. 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही' यांत 'तो कुठे राहतो' हा भाग जसाच्या तसा राहतो. इंग्रजीतला हा फरक अंगवळणी न पडल्यामुळे आपली मुले 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' असे चुकीचे लिहितात.

गैरसमज : आज्ञार्थी म्हणजे हुकूम.
वस्तुस्थिती : 'प्लीज सिट डाऊन' ही विनंती, 'ड्रिंक मोअर वॉटर' हा सल्ला, 'हॅव अ सेफ जर्नी' ही सदिच्छा. तिन्ही वाक्ये आज्ञार्थीच. क्रियापद मूळ रूपात असते आणि 'यू' हा कर्ता न लिहिता गृहीत धरलेला असतो.

गैरसमज : लांबलचक वाक्य म्हणजे मिश्र वाक्य.
वस्तुस्थिती : 'द ओल्ड मॅन विथ अ ब्लॅक अंब्रेला वॉक्ट स्लोली टू द स्टेशन' या बारा शब्दांत कर्ता-क्रियापदाची जोडी एकच, म्हणून ते केवल वाक्य. 'आय नो हू केम' हे चारच शब्दांचे, पण मिश्र. कारण 'हू केम' हे गौण उपवाक्य 'नो' या क्रियापदाचे कर्म आहे.

गैरसमज : 'अँड' आले की संयुक्त वाक्य.
वस्तुस्थिती : 'मीना अँड रवी वेंट होम' यात 'अँड' दोन नावे जोडतो, म्हणून वाक्य केवलच. 'मीना सँग अँड रवी डान्स्ड' यात तो दोन पूर्ण वाक्ये जोडतो, म्हणून ते संयुक्त. 'अँड'च्या दोन्ही बाजू सुट्या करून वाचा. दोन्ही स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, तर प्रश्नच उरत नाही.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती : व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हाती पेन्सिल द्या. आधी क्रियापदाखाली रेघ मारू द्या, मग त्याचा कर्ता शोधू द्या. प्रकाराचे नाव त्यानंतर लिहायचे.