ताणणारे कापड आणि धरणारी टीप

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस शिवणकामावर काय बोलणार, असे आपल्या मनात येईल. पण ज्या कामाच्या दरासाठी आपण भांडतो, ते काम समजल्यावाचून बोलू नये, असे आमचे मत आहे. म्हणून पन्नाशी उलटल्यावर आम्ही कात्री हाती धरली आणि छापील कागदी पॅटर्नवरून एक टी-शर्ट शिवला. तो डोक्यातून खाली उतरेना. जोर लावताच गळ्याची टीप तटकन तुटली. असे का झाले?

प्रथम कापड पाहू. मांजरपाटात उभे व आडवे धागे एकमेकांना धरून असतात; ते फारसे ताणत नाही. बनियनच्या कापडात धाग्याचे फास एकमेकांत ओवलेले असतात. ओढले की फास पसरतो, सोडले की मिटतो. हा ताण आडवा अधिक असतो. पॅटर्नवरचा बाण कापडाच्या सुलट बाजूस दिसणाऱ्या बारीक उभ्या रेघांशी समांतर ठेवावा, म्हणजे ताण अंगाभोवती येतो. आम्ही कापड वाचवण्यासाठी बाण आडवा लावला. वीतभर कापड वाचले, शर्ट गेला!

आता पाकीट. मापामापांचे कागदी पॅटर्न विकण्याचा धंदा एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने १८६३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला. शिंप्याच्या हातातली बेतण्याची विद्या त्यामुळे घरोघर पोचली. मात्र ती वाचता आली पाहिजे. पाकिटावरच्या कोष्टकात छातीचे माप पाहून नंबर निवडावा. तयार कपड्याचा नंबर येथे उपयोगी नाही. ताणाची पट्टी छापलेली असेल, तर घडी घातलेले कापड तिच्यावर धरून ओढावे. ते दाखवलेल्या खुणेपर्यंत सहज पोचले नाही, तर ते कापड त्या पॅटर्नचे नव्हे.

बेतण्यापूर्वी कापड धुऊन वाळवावे. आटायचे ते आधीच आटू द्यावे. सुई गोलसर टोकाची घ्यावी. ती फास बाजूला सारते. तीक्ष्ण सुई धागा तोडते आणि भोक पडते. टीप अरुंद नागमोडी घालावी. सरळ टीप ताणत नाही, म्हणून कापड ताणले की दोरा तुटतो. आमची दुसरी चूक हीच.

प्रथम खांदे जोडावे. ते लोंबू नयेत म्हणून शिवणीत फीत घ्यावी. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड असते. दोन्हींचे चार समान भाग करून खुणा जुळवाव्या आणि शिवताना फक्त पट्टी ताणावी, शर्ट नव्हे. मग बाह्या मुंढ्यांना जोडाव्या, आणि शेवटी बाहीपासून कमरेपर्यंत एकच शिवण घालावी.

या शिवणीमागे इतिहास आहे. विणकामाचे यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्ये केले. १८११ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये कामगारांनी यंत्रे फोडली. त्यांना यंत्राचा आंधळा द्वेष होता, असे म्हणणे बरोबर नाही. त्याच यंत्रांवर ते पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत होते. त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी, की मालक रुंद कापड विणवून, ते कातरून मोजे शिववीत. कातरलेल्या कडेचे फास सुटत, मोजे लवकर उसवत, मालाची अब्रू जाई आणि मजुरीही घसरे. १८१२ साली यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा देणारा कायदा झाला. कवी बायरन याने उमरावांच्या सभागृहात त्याला विरोध केला, पण व्यर्थ.

पुढे कड कापून तिच्यावर दोरा गुंफणारे ओव्हरलॉक यंत्र आले आणि कातरलेली कड टिकू लागली. म्हणजे दोष कातरण्यात नव्हता. कड न राखता माल खपवण्यात होता.

आमचा दुसरा शर्ट अंगावर बसला. पुढा, पाठ, दोन बाह्या, एक पट्टी: अवघे ५ तुकडे. आता दुकानात स्वस्त टी-शर्ट दिसला की आम्ही तो उलटा करून शिवण पाहतो, आणि ती घालणाऱ्या हातांना काय मिळाले असेल याचा हिशेब मनात मांडतो. आपणही एकदा शिवून पाहा. मग किंमत पाहण्याची दृष्टी बदलेल.