‘कासाब्लांका’ पहिल्यांदा पाहून निराश झालात?

मायकेल कर्टिझ यांचा ‘कासाब्लांका’ (1942) पहिल्यांदा पाहणारे बरेच जण ‘एवढंच?’ म्हणतात, आणि प्रेमकथा म्हणून पाहिला तर त्यांची तक्रार खोटी नाही. पॅरिसचा फ्लॅशबॅक घाईत उरकलाय, नायिका इल्सा तर ऐन मोक्याला निर्णय नायक रिकवर सोपवून मोकळी होते. पण मुळात हा निर्वासितांचा सिनेमा आहे. डिसेंबर 1941, मोरोक्कोतलं शहर, युरोपातून निसटलेली माणसं आणि तिथून बाहेर पडायच्या कागदांसाठी चाललेली घासाघीस. नाझी मेजर साकारणारे कॉनराड फाइट स्वतः नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले; अभिनेत्री मादलेन लबो फ्रान्समधून निसटलेल्या. रिकच्या कॅफेत जर्मन अधिकाऱ्यांचं गाणं बुडवून सगळे ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गातात, तेव्हा लबो यांच्या डोळ्यांतलं पाणी बघा.

कोणी म्हणेल, इतिहास वाचून मगच कळणारा सिनेमा कसला थोर? पण त्या प्रसंगाला तळटीप लागत नाही. हरलेल्या देशाची माणसं गाताहेत, एवढं पडद्यावरच कळतं. रिकचा शेवटचा त्यागही तिथूनच उगवतो, कारण मान हलवून बँडला परवानगी देणारा तोच असतो. एकदा निराश झाला असाल, तर पुन्हा पाहताना नायक-नायिकेपेक्षा कॅफेतल्या बाकीच्या टेबलांकडे लक्ष ठेवा.